पाणी ओसरलं म्हणजे घर कोरडं झालं का?

इंद्रायणीचं पाणी घरात शिरतं आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवशी उतरतं. त्या एका दिवसापायी कुटुंबाला मात्र कित्येक आठवडे दुसऱ्याच्या छपराखाली काढावे लागतात. देहूच्या नदीकाठच्या आळ्या, चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या, मोशी-चिखलीच्या नव्या सोसायट्या, यांपैकी कुठेही ही वेळ येऊ शकते. त्यासाठी नदीच हवी असंही नाही. गच्चीवरची टाकी फुटली किंवा वरच्या मजल्यावरचा नळ रात्रभर चालू राहिला, तरी खालच्या घराची तीच गत होते.

अशा वेळी सल्ला देणारे कमी पडत नाहीत. शेजारी सांगतात, मामा फोनवरून सांगतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तर सगळेच सांगतात. त्यातला बराचसा सल्ला चांगल्या मनाने दिलेला आणि चुकीचा असतो. पाणी आत आल्याने नुकसान होतंच, पण टाळता येण्याजोगं नुकसान पाणी गेल्यानंतरच्या घाईत होतं. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासलेले बरे.

गैरसमज : आपल्याकडे पावसाचा थेंब नाही, पाणी कुठून येणार?

वस्तुस्थिती : देहूला पूर आणणारा पाऊस देहूत पडत नाही. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर पुणे शहरात ७०० मिलिमीटरच्या जवळपास. घाटमाथ्यावर रात्रभर कोसळलेलं पाणी कामशेत, इंदोरी करत देहूला पोहोचतं, तेव्हा इथे स्वच्छ ऊनही पडलेलं असू शकतं.

याच्याच जोडीचा दुसरा गैरसमज पवना धरणाचा. 'पवनेतून इतके हजार क्युसेक सोडले' अशी बातमी आली की देहूत धावपळ सुरू होते. पण पवना रावेत, चिंचवड करत दापोडीला मुळेला मिळते, आणि इंद्रायणी देहू, मोशी, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. पवनेच्या विसर्गाने देहूत पाणी वाढत नाही. देहूकरांनी कान द्यायचा तो इंद्रायणीच्या खोऱ्यातल्या वळवण, वडिवळे आणि आंद्रा या धरणांच्या विसर्गाकडे आणि लोणावळा-मावळातल्या पावसाच्या आकड्याकडे. धरणांच्या खाली नदीला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांना कसलेही दरवाजे नाहीत. त्यामुळे 'विसर्ग बंद आहे' एवढ्यावर निर्धास्त झोपणंही बरोबर नाही.

गैरसमज : पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर नुकताच येऊन गेला, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती : जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हा 'एकदा' वेळापत्रकातला नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दरवर्षी ४ टक्के असते, मग गेल्या वर्षी पूर आलेला असो वा नसो. हिशेब मांडला तर २० वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के भरते. लाल रेषेवरच्या घराची ३० वर्षांतली शक्यता २६ टक्के. रेषेच्या बाहेर असणं म्हणजे धोका कमी असणं, संपणं नव्हे.

'घरपट्टी लागली, वीजमीटर बसला, म्हणजे घर अधिकृत' ही समजूतही महागात पडते. कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने १७ मे २०२५ रोजी पाडले. त्याआधी जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नव्हता. त्या कुटुंबांना घराबाहेर काढलं ते पुराने नाही, पूररेषेने. गुंठ्याने जागा घेताना किंवा खोली भाड्याने घेतानाही पूररेषेचा नकाशा आधी पाहावा.

गैरसमज : एमसीबी बसवला आहे, शॉक लागणार नाही.

वस्तुस्थिती : एमसीबी वायरिंगला जादा भारापासून वाचवतो, माणसाला वाचवण्यासाठी तो नसतो. गळती ओळखून प्रवाह तोडणारं उपकरण वेगळं. त्याला आरसीसीबी म्हणतात, आणि घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचं लागतं. जुन्या खोल्यांत आणि चाळींत ते बहुधा नसतं.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात डेक्कनजवळच्या पुलाची वाडी भागात पाण्यातून हातगाडी हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. पुरात वाहून जाण्याची भीती सगळ्यांना असते, विजेची कुणाला नसते. म्हणून पाणी उंबऱ्याला लागायच्या आधीच मेन स्विच बंद करावा. पाण्यात उभं राहून तो बंद करू नये आणि चालूही करू नये. पाणी आत शिरलं असेल, तर महावितरणला १९१२ वर कळवून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्यावा. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद असूनही तारांत वीज असते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक हवं. पाणी उतरल्यावर वायरमनने बोर्ड उघडून सुकवून, तपासून दिल्याशिवाय फ्रिज, मोटार, मिक्सर काहीही लावू नये. 'एकदा लावून बघू' म्हणत सुरू केलेली भिजकी मोटार तिथेच जळते.

गॅसचंही तसंच. सिलिंडर तरंगला असेल तर रेग्युलेटर आणि नळी बदलेपर्यंत शेगडी पेटवू नये. वास आला तर १९०६ हा तातडीचा क्रमांक आहे.

गैरसमज : लादी पुसली, दोन दिवस ऊन दिलं, की राहायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त कुटुंबं इथे फसतात. लादी तासाभरात सुकते, कारण ती पाणी पीत नाही. वीट, सिमेंटचा गिलावा आणि माती पाणी पितात. घरात दोन फूट पाणी होतं म्हणून भिंत दोन फुटांपर्यंतच भिजली असं होत नाही. विटांच्या बारीक छिद्रांतून ओल वर चढत राहते, आणि पाणी गेल्यावर काही दिवसांनी पुराच्या खुणेच्याही वर डाग दिसू लागतात. वरून हाताला कोरडी लागणारी भिंत पोटात ओली असते.

बांधकामातला जुना ठोकताळा असा, की आपोआप सुकायला भिंतीला जाडीच्या दर इंचामागे सुमारे महिना लागतो. नऊ इंची भिंत जुलैत भिजली, तर ती आतपर्यंत कोरडी होईस्तोवर गुढीपाडवा उजाडतो. पंखे, हवा आणि ऊन मिळालं तर हा काळ कमी होतो, पण आठवड्यावर येत नाही.

मग पाडव्यापर्यंत बाहेर राहायचं का? तसं नाही. घर राहण्याजोगं होणं आणि पूर्ण सुकणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. परत जाण्याआधी एवढं पाहावं : विजेची तपासणी झाली आहे, शौचालय आणि सेप्टिक टाकी उलटी येत नाही, पिण्याचं पाणी सुरक्षित आहे, झोपायला बुरशी नसलेली एक तरी कोरडी खोली आहे, आणि भिंतीला नवी भेग गेलेली नाही. हे जमलं तर राहायला जावं. रंग, पीओपी, भिंतीला टेकवून ठेवायची कपाटं आणि प्लायवूडचं नवं फर्निचर यांना मात्र पुढचे काही महिने हात लावू नये.

भिंत सुकली का, हे पाहायची सोपी रीत आहे. वीतभर पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावं आणि दुसऱ्या दिवशी पाहावं. आतून दव धरलं असेल किंवा भिंत काळपटली असेल, तर ओल अजून आहे.

गावठाणातल्या जुन्या, मातीत बांधलेल्या वाड्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे. मातीची भिंत पाण्याने जड होते आणि तिची ताकद निघून जाते. ती पुरातच कोसळेल असं नाही, पाऊस थांबून सगळे निवांत झाल्यावरही ती बसते. नदीकाठच्या काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घ्यावा. ती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते. पाया त्याबरोबर हलतो. म्हणून दाराची चौकट अचानक अडकू लागली, भेग तिरपी वाढू लागली किंवा भिंतीला फुगवटा आला, तर घर रिकामं ठेवून अभियंत्याला दाखवावं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहिली की ती वाढते आहे का ते कळतं.

गैरसमज : खिडक्या उघड्या टाका आणि वॉटरप्रूफ रंग मारा, ओल जाईल.

वस्तुस्थिती : जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच दमट असते. झड लागलेली असताना खिडक्या उघड्या टाकल्याने बाहेरचा ओलावा आत येतो. उघडीप मिळाली की खिडक्या उघड्या आणि पंखे चालू, झड लागली की खिडक्या बंद आणि पंखे चालू, असं केलं तर फरक पडतो. कपाटं, दिवाण, ट्रंका भिंतीपासून हातभर पुढे ओढाव्यात. फुगलेली प्लायवूडची पाठ काढून टाकावी. भिजलेली कापसाची गादी वाळवून परत वापरायचा मोह होतो, पण पुराच्या पाण्यात बुडालेली गादी टाकून देणंच शहाणपणाचं.

रंगाचं म्हणाल तर ओल्या भिंतीवर मारलेला वॉटरप्रूफ रंग ओल आतच कोंडतो. वर्षाच्या आत पोपडे धरतात आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. भिंतीवर पांढरा पिठूळ लोणा फुटला तर तो भिंतीतले क्षार पाण्याबरोबर वर आल्याने. तो कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुऊ नये. धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

बुरशी ओल्या जागी एक-दोन दिवसांत धरते. लादीवरची किंवा काचेवरची बुरशी साबणाने आणि ब्लीचने निघते. गिलाव्यात, लाकडात, गादीत शिरलेली मात्र वरवर ब्लीच मारून जात नाही. तो भाग खरवडून किंवा काढून टाकावा लागतो. दमा असलेलं माणूस, तान्हं मूल आणि वृद्ध यांना त्या कामापासून दूर ठेवावं. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र कधीही करू नये, त्यातून विषारी वायू सुटतो.

गैरसमज : पाणी इंद्रायणीचंच आहे, पाय धुतले की झालं.

वस्तुस्थिती : नदीवरची श्रद्धा आपल्या जागी. पण आज पुरात घरात येणारं पाणी नुसतं नदीचं नसतं. सांडपाण्याचे नाले, सेप्टिक टाक्या, गोठे आणि कारखान्यांच्या परिसरातून वाहून आलेलं तेल-रसायन सगळं त्यात मिसळलेलं असतं. याच इंद्रायणीवर आळंदीत फेस तरंगताना महाराष्ट्राने अनेकदा पाहिला आहे.

उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगेतून किंवा जखमेतून शरीरात जातात. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चालावं लागलं असेल, तर ताप यायची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावं. गोळी मनाने घेऊ नये, कारण गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं. पुढच्या महिन्याभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं असं काही झालं, तर 'आम्ही पुराच्या पाण्यात होतो' हे डॉक्टरांना आधी सांगावं. चिखल उपसताना गमबूट आणि हातमोजे घालावेत, धनुर्वाताची सुई राहिली असेल तर घ्यावी. अंधारे कोपरे काठीने चाचपावेत, कारण पुरातून वाहून आलेला साप कोरडी जागा शोधत घरातच बसलेला असतो.

पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवली की ते शुद्ध झालं, ही समजूत घराघरात आहे. तुरटीने गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसतं. जंतू मात्र तसेच राहतात. नितळल्यावर पाणी उकळावं किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबावं. जमिनीखालची टाकी, विहीर किंवा बोअर पुरात बुडालं असेल, तर उपसा, सफाई आणि टीसीएल पावडर टाकल्याखेरीज ते पाणी घेऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवलं गेलं होतं. तिथे पूर आलेला नव्हता, हे विशेष.

गैरसमज : आधी घर लखलखीत करू, पंचनामा मागाहून होईलच.

वस्तुस्थिती : साफ केलेल्या घरात पंचनामा करणाऱ्याला काय दिसणार? चिखल काढायलाच हवा, पण त्याआधी मोबाइलवर पुरावा गोळा करावा. भिंतीवरची पाण्याची खूण शेजारी टेप किंवा माणूस उभा करून दाखवावी. प्रत्येक खोलीचे, भिजलेल्या प्रत्येक वस्तूचे आणि उपकरणांच्या कंपनीच्या पट्टीचे फोटो काढावेत. फेकायच्या वस्तूंची यादी करून शेजाऱ्याची सही घ्यावी.

अर्ज कुणाकडे करायचा, इथेही गोंधळ असतो. देहू पिंपरी-चिंचवड महापालिकेत नाही. इथे नगरपंचायत आहे आणि महसुलाचं काम हवेली तालुक्यात चालतं. नदीपल्याडची येलवाडी खेड तालुक्यात येते. एकाच पुराने भिजलेल्या दोन काठांचे पंचनामे दोन तहसीलदारांकडे जातात. तलाठी आणि नगरपंचायत या दोघांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. त्यात न लिहिलेली वस्तू नंतर मागणं अवघड जातं.

गैरसमज : सरकार भरपाई देईल, घर पुन्हा उभं राहील.

वस्तुस्थिती : सरकार देतं ती मदत असते, भरपाई नव्हे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये ठरले होते. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये, झोपडीला ८,००० रुपये. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांडीकुंडी-घरसामानासाठी २,५०० रुपये. घर अधिकृत असल्याची अटही त्यात होती. मोठ्या आपत्तीत राज्य सरकार वेगळा निर्णय काढून रक्कम वाढवतं. ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात ग्रामीण भागात कुटुंबाला १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपये दिले गेले. पण तसा निर्णय दर वेळी होईलच, असं धरून चालता येत नाही.

घर पूर्ण पडलं नसेल, तर एक फ्रिज आणि दोन गाद्या घ्यायला जितके पैसे लागतात, त्यापेक्षाही ही मदत कमी भरते. तरी ती सोडू नये. भाडेकरू तर 'आपलं घर नाही, आपल्याला काय मिळणार' म्हणून पंचनाम्याच्या वेळी कामावर निघून जातात. निकषात कपडे-भांड्यांची मदत कुटुंबामागे आहे, घरमालकामागे नाही. खोली मालकाची असली तरी बुडालेला संसार भाडेकरूचा असतो. पंचनाम्यात आपलं नाव, खोली क्रमांक आणि सामान स्वतंत्र लिहून घ्यावं. भाडेकराराची प्रत किंवा वीजबिल हाताशी ठेवावं.

गैरसमज : बँकेने कर्ज देताना विमा काढला आहे, घर सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : कर्जासोबत काढलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो. माणूस गेला तर कर्ज फिटतं, घर बुडालं तर काही मिळत नाही. काही पॉलिसी घराच्या बांधकामाच्या असतात, पण सामान त्यात नसतं. कागद काढून नेमकं काय आहे ते आजच पाहावं.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. तिच्यात पूर आणि जलमय होणं तर आहेच, शिवाय पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही आहे. बांधकामाचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरसामान आपोआप धरलं जातं. भाडेकरूला फक्त सामानाचाही विमा घेता येतो. आणि या लेखाच्या विषयाला लागू असलेली खास गोष्ट अशी, की विम्यात बसणाऱ्या कारणाने घर राहण्याजोगं उरलं नाही, तर पर्यायी घराच्या भाड्याची तरतूदही या पॉलिसीत आहे. भाड्याच्या घराची पावती आणि करार जपून ठेवावा, तोंडी व्यवहार करू नये.

वर्षानुवर्षे मुरलेली ओल आणि दुरुस्ती न केल्याने झालेली झीज मात्र विम्यात बसत नाही. दावा अन्यायाने फेटाळला गेला तर कंपनीच्या तक्रार कक्षानंतर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं एक कार्यालय पुण्यातच आहे.

गैरसमज : आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, पूर आमचा विषय नाही.

वस्तुस्थिती : चौथ्या मजल्यावर नदी येत नाही, गळती येते. छत टपकू लागलं, बोर्डातून पाणी झिरपू लागलं, की तिथल्या कुटुंबालाही बाहेर पडावं लागतं. मग जबाबदारी कुणाची यावर सोसायटीत वाद रंगतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींचा साधा नियम आहे : गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपमधून होणारी गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची, एखाद्या सदनिकेतल्या शौचालय-सिंकमधून होणारी त्या सदनिकाधारकाने.

इमारत नवी असेल तर 'ताबा दिला, आता बिल्डरचा संबंध संपला' हेही खरं नाही. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लेखी निदर्शनास आणला, तर विकसकाने तो ३० दिवसांत, विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखीच करावी, सोसायटीच्या ग्रुपवरचा संदेश पुरत नाही.

गैरसमज : कागदपत्रं आणि नोटा भिजल्या, सगळं संपलं.

वस्तुस्थिती : देहूत इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी तरून वर आली, अशी श्रद्धा आहे. रेशनकार्डाबाबत तसा भरवसा धरू नये, पण हातपायही गाळू नयेत. आधार पुन्हा डाउनलोड करता येतं, सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो, दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये असू शकतो. मूळ खरेदीखत भिजलं, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळते. भिजलेले कागद एकमेकांपासून ओढून काढू नयेत. ते सपाट ठेवून सावलीत, पंख्याखाली सुकू द्यावेत.

नोटांचं तर अगदी सोपं आहे. भिजलेल्या, मळलेल्या, फाटलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या नोट परतावा नियमांनुसार कुठल्याही बँक शाखेने बदलून द्यायच्या असतात. कमिशन घेऊन बदलून देणाऱ्याकडे जायचं कारण नाही.

गैरसमज : चार दिवसांचाच प्रश्न आहे, कुठेही भागेल.

वस्तुस्थिती : १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्यातल्या हजारो कुटुंबांची सोय आधी शाळांमध्ये आणि मग निसेन हट म्हणून ओळखल्या गेलेल्या अर्धगोल पत्र्याच्या खोल्यांत झाली. सोय तात्पुरती होती, पण कित्येकांचा मुक्काम वर्षानुवर्षे लांबला, आणि शहराच्या कडेला पूरग्रस्तांच्या वसाहती कायमच्या उभ्या राहिल्या. देहूतल्या एका घराचं प्रकरण एवढं मोठं नसतं, पण धडा तोच आहे. 'चार दिवस' हा अंदाज भिंतीला विचारून केलेला नसतो.

पुराच्या रात्री शाळा, मंगल कार्यालय, धर्मशाळा ठीक. वारीच्या गावात निवाऱ्याची आणि पंगतीची वानवा नसते. पण शाळा आठवड्याने भरते आणि धर्मशाळेत पुढचे यात्रेकरू येतात. पाहुण्यांकडेही पाच-सात दिवसांनंतर दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बसून ठरवावं : किमान महिनाभरासाठी खोली घ्यायची का, मुलांच्या शाळेपासून आणि कंपनीच्या बसथांब्यापासून ती किती लांब आहे, आजींची औषधं कुणाकडे. ज्याची रात्रपाळी आहे त्याला दिवसा झोपायला जागा हवी, नाहीतर मशीनवर अपघात होतो. कंपनीच्या एचआरला लेखी कळवून रजा किंवा पाळीत बदल मागावा. पूर येऊन गेल्याचा दाखला जोडला तर बहुतेक ठिकाणी अडवत नाहीत. बायकांवर या काळात दोन घरांची कामं पडतात, भिजलेलं उपसायचं आणि राहतं सांभाळायचं. त्याची वाटणी घरातल्या पुरुषांनी करून घ्यायला हवी. हे पुराच्या कुठल्याच मार्गदर्शक पत्रकात नसतं.

शेवटी एक सांगणं. तुकोबांची पालखी ज्येष्ठात देहूतून निघते, आणि नदी चढते ती बहुतेकदा त्यानंतर. पालखीची लगबग ओसरली की एक दुपार घरासाठी काढा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. घरातल्या प्रत्येक वस्तूचे फोटो काढून ठेवा. विम्याची पॉलिसी वाचा आणि वायरमनकडून आरसीसीबी बसवून घ्या. १९१२, १९०६ आणि १०७७ हे तीन क्रमांक दाराच्या मागे लिहा. आणि पाणी आलंच, तर परत कधी जायचं हे लादीला किंवा शेजाऱ्याला विचारू नका, भिंतीला विचारा. घरी परतायला आठवडा उशीर झाला तर भाडं वाढेल. आठवडाभर आधी परतलात, तर दवाखाना आणि दुरुस्ती यांचा खर्च त्याहून मोठा येईल.